पियानोचा क्लास निवडताना

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिला पियानो शिकायचाय. जवळच्या क्लासची जाहिरात आहे, ‘वर्षात दोन ग्रेड’. तिथे घालू का?
– एक आई, नाशिक

उत्तर : या जाहिरातीवर जाऊ नका. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या संस्थांच्या ग्रेड परीक्षा चांगल्याच आहेत, पण एका ग्रेडसाठी मोजक्याच रचना वाजवाव्या लागतात. घाईच्या क्लासमध्ये वर्षभर त्याच घोटून घेतात. प्रमाणपत्र हातात येतं आणि साधीशी नवी रचना समोर ठेवली की मूल अडतं. मला याचं फार वाईट वाटतं. म्हणून शिक्षकांना आधी हे विचारा, की मुलं नवं पान स्वतः वाचून वाजवतात का?

फी भरण्यापूर्वी एक धडा बघू द्या, अशी विनंती करा. मुलाचे पाय लोंबकळत असतील, तर खाली पाट देतात का? मनगट ताठरलं की शिक्षकांच्या लक्षात येतं का? चूक झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लावतात, की तेवढाच तुकडा सावकाश, एकेका हाताने बसवून घेतात? दुसरी पद्धत जाणकाराची.

वाद्यही पाहा. 61 पट्ट्यांच्या हलक्या कीबोर्डवर ‘पियानो’ शिकवणारे पुष्कळ आहेत. पियानोला 88 पट्ट्या असतात आणि दाबाप्रमाणे आवाज लहानमोठा होतो. हा दाब सांभाळण्याची ताकद बोटांना हलक्या कीबोर्डवर येत नाही. घरी वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो चालेल.

आठवड्याला अर्ध्या तासाचा स्वतंत्र धडा तिला पुरे. क्लासच्या दिवशी ती धास्तावू लागली, तर शिक्षक बदलायला संकोचू नका.