मोटारीतील सीडी प्लेअर

नव्या मोटारींत सीडी प्लेअर आता क्वचितच आढळतो. जुन्या मोटारींत मात्र तो अजून आहे. माझ्या आजीच्या ओव्या आम्ही घरी सीडीवर उतरवून घेतल्या होत्या. एका उन्हाळ्यात ती तबकडी मोटारीच्या पुढच्या काचेजवळ तशीच राहिली आणि पुढे वाजेना. घरी भरलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो. तो ऊन व उष्णता यांनी बिघडतो.

सीडीची जाडी १.२ मिलिमीटर. तिची चकचकीत बाजूच नाजूक, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ध्वनीची माहिती असते ती छापील बाजूलगत, संरक्षक लेपाच्या अगदी पातळ थराखाली. लेसर किरण खालून, पारदर्शक प्लॅस्टिकमधून जाऊन ती वाचतो. म्हणून छापील बाजूवर टोकदार पेनाने लिहू नये. कागदी लेबलही चिकटवू नये. उष्णतेने ते सुटते आणि तबकडी यंत्रात अडकते.

धूळ बसल्यास मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे, गोल फिरवून नव्हे. माहितीची वाट सर्पिलाकार असते. त्या वाटेच्या दिशेने ओरखडा पडला, तर सलग बरीच माहिती वाचता येत नाही. वाटेला आडव्या गेलेल्या ओरखड्याने तुटलेली थोडी माहिती यंत्र भरून काढते.

इंजिन बंद ठेवून फार वेळ ऐकल्यास बॅटरी उतरते. तबकडी बदलायची, ती मोटार थांबवूनच.

घरी भरलेल्या सीडीची प्रत काढून प्रतच मोटारीत न्यावी. ओव्यांची दुसरी प्रत आमच्याकडे नव्हती.