ट्रेलर ओढण्याचे गणित

२०१७ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ‘अटॅग्स’ ही १५५ मिमी तोफ ट्रकमागून ओढत नेली होती. पुण्याच्या एआरडीई या संस्थेने ती विकसित केली आहे. संचलनात वेग कमी असतो, त्यामुळे ओढणे सोपे वाटते. पण छोट्या पिकअपला प्रवासी ट्रेलर, म्हणजे कॅरव्हॅन, जोडून कोणी दिल्लीहून जयपूरकडे राष्ट्रीय महामार्ग ४८ वर निघाले, तर वेग वाढतो आणि धोकाही वाढतो. अशा वेळी बहुतेक जण इंजिनाची ताकद विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा : भार कुठे ठेवला आहे?

बैलगाडीत मागे जास्त ओझे भरले की गाडी उलार होते आणि जू वर उचलले जाते. ट्रेलरचेही तसेच आहे. अ‍ॅक्सलच्या मागे वजन जास्त झाले की हुकावरचा भार कमी होतो. मग वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा होतो. मी खेळण्यातल्या गाडीला लाकडी ट्रेलर जोडून उतरत्या फळीवर हे करून पाहिले. वजन पुढे ठेवले तेव्हा तो सरळ गेला. मागे ठेवले तेव्हा उलटला.

अमेरिकेत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर असावा असे सांगतात. म्हणजे ८०० किलोच्या ट्रेलरसाठी ८० ते १२० किलो. त्याहून जास्तही नको, कारण इथे तरफेचा नियम लागतो. टोयोटा हायलक्सच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर ३,०८५ मिमी आहे. सोयीसाठी ३ मीटर धरू. हुक मागच्या चाकांपासून १.२ मीटर मागे आणि त्यावर १०० किलो भार असेल, तर पुढची चाके ४० किलोंनी हलकी होतात आणि मागच्या चाकांवर १४० किलो वाढतात. पुढची चाके फार हलकी झाली तर स्टिअरिंगची पकड कमी होते.

आता ब्रेक. २,००० किलोच्या पिकअपमागे ८०० किलो जोडले की थांबवायचे वजन ४० टक्के वाढते. शिवाय वेग ताशी ६० वरून ८० किमी केला, तर गतिज ऊर्जा ७८ टक्के वाढते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर हा सगळा ताण पिकअपवर येतो. यमुना एक्सप्रेसवेवर हिवाळ्यात धुके असते, तेव्हा वेग कमी आणि पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवणे हाच उपाय.

ट्रेलर झुलू लागला तर जोरात ब्रेक दाबू नये. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि स्टिअरिंग सरळ धरावे. मागे घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला ठेवावा. हात ज्या बाजूला जाईल, त्याच बाजूला ट्रेलर वळतो.

गाडी चालवण्याचा परवाना मिळायला मला अजून तीन वर्षे आहेत. पण सहचालकाचे काम आम्हा कॅडेटना आजही करता येते. निघण्यापूर्वी हुकाची पिन, हुकाखाली एकमेकींवरून फुलीसारख्या नेलेल्या सुरक्षा साखळ्या, टायरमधली हवा, ट्रेलरचे दिवे आणि सामानाची मांडणी तपासावी. गाडी मागे घेताना खाली उतरून, चालकाला आरशात दिसेल अशा जागी उभे राहून इशारे द्यावेत. रस्त्यावरचे बरेच अपघात या पाच मिनिटांत टळू शकतात.