सायकलीची वाट

पनवेल हे रायगड जिल्ह्यातील जुने व्यापारी शहर. येथील नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली. २०१६ साली तिची महानगरपालिका झाली. लोहमार्गाच्या एका अंगास जुने पनवेल आहे आणि दुसऱ्या अंगास सिडकोने वसविलेले नवीन पनवेल. शाळा घरापासून मैल-दीड मैलावर असेल, तर सायकलीसारखे सोयीचे वाहन नाही. तिला इंधन लागत नाही, तिचा धूर होत नाही आणि ती ठेवण्यास जागाही थोडीच पुरते. तरीही मुलाला सायकलीवरून धाडताना आईचे मन कचरते.

ही भीती निराधार नव्हे. वाहनाचा वेग दुप्पट झाला, की त्याच्या अंगची ऊर्जा चौपट होते. अशा भरधाव वाहनांच्या शेजारून मुलाने सायकल चालविणे धोक्याचेच होय.

नेदरलँड्स देशात आज माणसांपेक्षा सायकली अधिक आहेत. परंतु हे आपोआप घडले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारी वाढल्या. १९७१ या एकाच वर्षी तेथील रस्त्यांवर चारशेहून अधिक मुले प्राणास मुकली. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले आणि पुढे गावोगावी सायकलींसाठी स्वतंत्र वाटा झाल्या. आपले पुणेही एके काळी सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. स्वयंचलित दुचाक्या वाढल्या आणि ती ओळख पुसट झाली. २०१७ साली तेथील महानगरपालिकेने सायकलींसाठी आराखडा मंजूर केला.

सायकलीची वाट म्हणजे रस्त्याच्या कडेचा नुसता रंगीत पट्टा नव्हे. पट्ट्यावर मोटारी उभ्या राहिल्या, की सायकलस्वारास पुन्हा गर्दीत शिरावे लागते. म्हणून वाट उंचवट्याने अलग केलेली असावी. चौकात ती तुटू नये. खरा धोका तेथेच असतो. कोकणच्या पावसात तिजवर पाणी साचू नये. गटाराच्या जाळीच्या फटी वाटेला आडव्या असाव्यात, म्हणजे चाक अडकत नाही. उन्हासाठी झाडे, रात्रीसाठी दिवे आणि शाळा, बाजार व स्थानक येथे सायकलतळ हवेत. तळ्याकाठच्या वाटेने फेरफटका होईल. परंतु घरापासून शाळेपर्यंत वाट अखंड असेल, तरच ती रोज उपयोगी पडेल.

रस्ता सर्वांचा आहे. ज्या रस्त्यावर बारा वर्षांचे मूल निर्धास्तपणे सायकल चालविते, तेथे वृद्धांनाही भय उरत नाही. शहराचे मोठेपण यावरूनच ओळखावे.

स्वाध्याय

१. आईचे मन का कचरते?
२. रंगीत पट्टा पुरेसा का नाही?
३. आपल्या घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याचा नकाशा काढा व धोक्याच्या जागा दाखवा.