पोराचा घाम फार खारट लागतो काय?

या अंकात बेणे आणि खते बाजूला ठेवून लेकरांच्या छातीच्या एका दुखण्याविषयी लिहीत आहोत. पेण-रोह्याकडच्या वाचकांना मिठागर सांगायला नको. पण तान्ह्याचा मुका घेताना ओठाला खारट लागले, घाम वाळून कपाळावर पांढरे मीठ दिसले, तर ते नजरेआड करू नये.

रोगाचे नाव सिस्टिक फायब्रोसिस. दुर्मिळ आहे, जन्मजात आहे, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. शरीरातली मिठाची ने-आण बिघडते. घामात मीठ जास्त जाते आणि छातीतला कफ थंड मळीसारखा घट्ट होऊन नळ्यांत चिकटतो. स्वादुपिंडाच्या नळ्याही तुंबतात. म्हणून पोर पोटभर खाते तरी अंग धरत नाही, शौच तेलकट आणि फार घाण वासाचे होते, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो. अशा मुलाला कधी क्षय समजून औषधे चालू राहतात आणि खरा रोग मागे पडतो. क्षयाची तपासणी करावीच, पण तिथे काही निघाले नाही तर थांबू नये.

1948 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा हीच मुले जास्त कोसळली. त्यावरून डॉ. दि सान्त अग्नीज यांनी 1953 मध्ये घामातले जादा मीठ दाखवून दिले. आजही मुख्य तपासणी घामाचीच. हातावर औषध आणि सौम्य वीज लावून अर्धा तास घाम गोळा करतात. क्लोराइड लिटरला 60 मिलिमोल किंवा वर निघाले तर रोग धरतात, 30 ते 59 असेल तर जनुके तपासतात.

उसाची टिपरी लावली की तोच ऊस उगवतो. मूल मात्र दोघांचे बेणे घेऊन येते. सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून आले तरच रोग होतो. दोघेही स्वतः ठणठणीत असतात, आणि प्रत्येक खेपेस धोका चारात एक. तेव्हा एकट्या सुनेला बोल लावणे साफ चूक. मामा-आत्याच्या पोरांत सोयरीक केली तर असा योग जास्त जुळतो, हेही सांगून ठेवतो.

रोग मुळासकट जात नाही, पण मूल वाढते. रोज दोनदा छातीवर थापटून कफ सोडवायचा. प्रत्येक जेवणाबरोबर पाचक एन्झाइमची कॅप्सूल. ती नसेल तर तूप-शेंगदाणे वायाच. उन्हाळ्यात डॉक्टर सांगतील तेवढे मीठ वाढवायचे.

2021 च्या राष्ट्रीय दुर्मिळ रोग धोरणात मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय उत्कृष्टता केंद्र ठरले आहे. जाताना जुने एक्स-रे, वजनाचे कार्ड आणि आधीच्या चिठ्ठ्या बरोबर घ्याव्यात.