बोटं आधी, अनुदान मागून

सोन्या, भोसरीची शेड तुझ्या हाती आली आणि तुझा पहिला प्रश्न काय, तर "आत्या, सेफ्टीसाठी सरकार पैसे देतं म्हणे, कसे मिळवायचे?" मिळवायचे कसे ते सांगते, पण तू क्रम उलटा लावलायस. म्हणून सुरुवात जरा अलीकडून करते.

१. आधी शेडमधून एक फेरी मार आणि कुणाला कुठे काय होऊ शकतं ते वहीत लिही. योजनेचं नाव नंतर शोध – योजना बघून धोका ठरवणारा माणूस हेल्मेटं घेतो आणि प्रेस होती तशीच चालवतो.

२. ही फेरी एकट्याने मारू नकोस, प्रेसवर बसणाऱ्या पोरांना बरोबर घे – कुठे हात घालावा लागतो, हे ज्याचा हात जातो त्यालाच ठाऊक असतं.

३. एकदा रात्रपाळीलाही न सांगता जा – दिवसा डायभोवती असणारा गार्ड रात्री टूलबॉक्सशेजारी विश्रांती घेताना दिसतो.

४. प्रत्येक धोक्यापुढे अंदाजे खर्च लिही – निम्म्या ओळी भंगाराच्या एका खेपेच्या पैशात मिटतात, त्यांच्यासाठी दिल्लीकडे कशाला बघत बसायचं?

आता प्रेसपाशी जरा थांबते. आपल्या धंद्यात बोटं जातात ती इथेच, आणि चुकीच्या वस्तूवर पैसे जातात तेही इथेच.

५. लाइट कर्टनचं कोटेशन मागवण्याआधी प्रेसचा क्लच बघ – जुन्या पिन क्लचच्या प्रेसचा स्ट्रोक एकदा सुटला की मधे थांबतच नाही, मग सेन्सरला हात दिसला काय आणि न दिसला काय. हवेवर चालणारा क्लच-ब्रेक असलेल्या प्रेसलाच तो पडदा उपयोगी. हे विकणारा आपणहून सांगत नाही.

६. पिन क्लचच्या प्रेसला डायभोवती जाळीचा पक्का गार्ड आणि पत्रा ठेवायला लांब चिमटा किंवा सरकती पट्टी कर – हात आत जायची गरजच संपली, की त्याला थांबवायचा प्रश्न उरत नाही. खर्चही कमी, आणि गावातला फॅब्रिकेटर दोन दिवसांत करून देतो.

७. दोन हातांची बटणं बसवशील तेव्हा, दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक न देणारं सर्किट मागून घे – नाहीतर महिन्याभरात एका बटणात लाकडाची चिप ठोकलेली दिसते किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. दिसलीच, तर पोरावर ओरडण्याआधी पीस-रेट काढून बघ. घाई हाताला नसते, दराला असते.

८. पायाच्या पेडलवर लोखंडी झाकण हवंच – वरून निसटलेला जॉबही पेडल दाबतो, आणि त्याला कुणाचा हात कुठे आहे ते कळत नाही.

९. ड्रिल मशीनवर हातमोजे घालू देऊ नकोस, कुठल्या योजनेत फुकट मिळाले तरी – फिरता ड्रिल आधी मोजा धरतो आणि मग आतला हात ओढतो.

१०. हेल्मेट आणि बूट घेताना आयएसआय शिक्का बघ आणि बिलावर मानक लिहून घे, हेल्मेटला आयएस २९२५, बुटांना आयएस १५२९८ – तपासणीत साहेब हेल्मेट उलटं करून आतला शिक्का बघतात. बूट मापाने घे. फुकटचं हेल्मेट खुंटीला शोभतं आणि घट्ट बूट दाराबाहेर.

झाली तुझी वही? आता योजना.

११. सगळे सांगतात ती केंद्राची 'झेड' प्रमाणपत्र योजना तू जरूर बघ, पण नीट वाच: तिथली सवलत प्रमाणपत्राच्या फीवर आहे, गार्डच्या बिलावर नाही – हे न वाचता माल मागवतात आणि मग पोर्टलवर पैशाची वाट बघत बसतात.

१२. कांस्य पातळीपासून सुरुवात कर. २०२२ च्या नव्या रूपात तिची फी १०,००० रुपये, रौप्यची ४०,००० आणि सुवर्णची ९०,००० ठरली, आणि त्यात सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुला ६०, मध्यमला ५० टक्के सूट – कांस्यच्या पाच निकषांत सुरक्षित कामाची जागा हा एक आहे, म्हणजे तुझी वही तिथे आयती कामाला येते.

१३. महिला उद्योजिकांना ही फी पूर्ण माफ आहे हे ऐकून सूनबाईला सहीपुरती मालकीण करू नकोस – पडताळणीत "मॅडमना फोन द्या" म्हणतात, आणि मॅडमना प्रेस किती टनाची ते माहीत नसतं. ती खरंच हिशेब सांभाळते, तेव्हा द्यायचीच तर खरी भागीदारी दे; मी खूश होईन.

१४. कुणाच्या व्हॉट्सअॅपवरच्या रकमेवर विसंबू नकोस, अर्जाच्या दिवशीची मार्गदर्शक पुस्तिका उघड – नियम बदलत राहतात. आता हेच बघ, १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल दहा कोटी झाली. काल लघु असलेला आज सूक्ष्म असू शकतो, आणि त्याला पत्ताही नसतो.

१५. एकट्याला न झेपणारं काम असेल, जसं चांगली टूलरूम, तर शेजारच्या शेडवाल्यांना चहाला बोलाव – केंद्राच्या क्लस्टर योजनेत ५ ते १० कोटींच्या सामाईक सुविधा केंद्राला ७० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, आणि चांगल्या टूलरूममध्ये हात आत न घालावा लागणारी डाय बनते.

१६. शेड वाढवतोयस, तर गवंडी-सुतारांना महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करायला सांग आणि वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला देताना कंजुषी करू नकोस – नोंदीत कामगाराला मंडळाकडून सुरक्षा संच मिळतो. तो त्याचा असतो हं, तुझ्या स्टोअररूमचा नाही.

१७. सेप्टिक टँक तुंबली तर झाडूवाल्याला "जरा उतरून बघ" म्हणायचं नाही, सक्शनची गाडी बोलवायची – संरक्षक साधनांशिवाय कुणाला उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि वास न येणारा वायूही माणूस मारतो. अशा गाड्या घ्यायला सफाई कामगारांसाठी केंद्राची 'नमस्ते' योजना आहे. तुझ्या ओळखीच्या गाडीवाल्याला सांग.

कागदांचं मात्र मन लावून ऐक. योजना कुठलीही असो, अडकते ती इथेच.

१८. पॅन, जीएसटी, उद्यम, बँक आणि लाइट बिल यांवर फर्मचं नाव अक्षर न अक्षर एकच हवं – एकीकडे 'एंटरप्राइज' आणि दुसरीकडे 'एंटरप्रायझेस' असलं, की पैसे वाटेतच बसतात आणि तू जिल्हा उद्योग केंद्राच्या जिन्यावर.

१९. मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत अनुदानातली खरेदी करू नकोस – त्याआधीच्या तारखेचं बिल बहुतेक योजना धरत नाहीत. पण जो धोका उद्यावर ढकलण्यासारखा नाही, तो आजच पदरच्या पैशाने मिटव. अनुदान उशिरा येतं, बोट परत येत नाही.

२०. तीन कोटेशनं खरंच तीन दुकानांची आण – तिन्हींत 'गार्ड'चं स्पेलिंग एकसारखंच चुकलेलं असलं, तर ते कारकुनाच्या नजरेतून सुटत नाही.

२१. बहुतेक पैसा खर्च झाल्यावर येतो, म्हणून तेवढी रोकड बाजूला असेल तेव्हाच मोठ्या कामाला हात घाल – पगाराचे पैसे गार्डमध्ये अडकले, तर पोरंच निघून जातात. मंजुरी हसवते, हप्ता बसवून ठेवतो.

२२. कोटेशनवर जीएसटी वेगळा दाखवायला सांग – अनुदान बहुधा मूळ किमतीवर मोजतात, आणि एकत्र आकडा बघून तू मनात जास्तीचा हिशेब मांडून बसतोस.

२३. प्रत्येक मशीनवर रंगाने नंबर टाक आणि काम सुरू होण्याआधीचा फोटो काढ, नंबर आणि तारीख दिसेल असा – गार्ड बसला की 'आधी'चा फोटो कुठूनच मिळत नाही.

२४. संघटनेच्या किंवा क्लस्टरच्या नावाने केंद्राचं अनुदान आलं, तर ते वेगळ्या खात्यात ठेवा, त्यावरचं व्याज आपलं समजू नका आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र द्या – २०१७ च्या वित्तीय नियमांत त्याचा नमुनाच आहे, जीएफआर १२-अ. ते अडलं की पुढचा हप्ता अडला.

२५. त्या पैशातून घेतलेल्या यंत्रांची वेगळी नोंदवही ठेव आणि परवानगीशिवाय त्यातलं एकही विकू नकोस – यंत्र तुझ्या शेडमध्ये असलं तरी त्यात सरकारचा जीव गुंतलेला असतो.

२६. अनुदान जमा झालं की त्याच आठवड्यात सीएला कळव – यंत्राच्या किमतीतून ती रक्कम वजा करून घसारा काढावा लागतो, मार्चमध्ये आठवलं तर दोघांचीही झोप जाते.

२७. "दहा टक्के द्या, मंजूर करून आणतो" म्हणणाऱ्याला पाणी दे आणि वाटेला लाव – अर्ज तुझ्या नावाने असतो, खोटं बिल निघालं तर सापडतोस तू, तो नाही. जिथे सही तिथे आधी वाचन, नाहीतर पुढे नुसत्या तारखा.

२८. हुकलेल्या अपघातांची एक वही दाराशी टांग, हिंदीत लिहिलं तरी चालेल म्हणून सांग, आणि लिहिणाऱ्याला कधीही बोलू नकोस – गेल्या वर्षभरात काय काय घडता घडता राहिलं, हे अर्जात लिहायला याहून चांगला पुरावा नाही.

२९. नवा पोरगा कामाला लागला की पहिल्याच दिवशी त्याची ईएसआयसी नोंदणी कर, आठवडाभर बघू म्हणू नकोस – नव्या हाताला प्रेसची सवय नसते, म्हणून तोच पहिला आठवडा जास्त धोक्याचा.

३०. आणि हे आजच कर: उद्यम नोंदणीत मोबाइल नंबर कुणाचा आहे ते बघ – तुझ्या बाबांनी ती कुणा एजंटकडून करून घेतली होती, तेव्हा ओटीपी अजून त्याच्याच खिशात वाजत असणार. आधी तो नंबर बदल आणि मला फोन कर. फक्त दुपारी दोन ते चारमध्ये नको, मी झोपलेली असते.