सापळा कुठे, कसा आणि कशासाठी

आमिषाचं नंतर बोलू, आधी जागा. ऑकलंडमध्ये नवं घर घेतलेली आपली मुलं मला विचारतात, "मावशी, पीनट बटर लावू की चीज?" आणि सापळा ठेवलेला असतो हिरवळीच्या मधोमध. उंदीर उघड्यावरून चालत नाही. भिंत, कुंपण, लाकडांचा ढीग, डेकखालची कड, ओढ्याचा काठ, अशा कशाच्या तरी आडोशाने, मिशा टेकवत तो जातो, आणि बहुतेक रोज त्याच वाटेने जातो. कुंपणाच्या तळाशी वाकून बघा. फळीवर तेलकट काळपट पट्टा असेल, लेंड्या असतील, तर ती त्याची वाट. सापळा तिथेच लावा. घरात कंपोस्टचा डबा किंवा कोंबड्यांचं खुराडं असेल तर फार शोधायलाही नको.

खात्री होत नसेल तर आधी च्यू कार्ड ठोका. पन्हळी प्लास्टिकचा तुकडा, त्याच्या कडेच्या भोकांत पीनट बटर दाबून भरलेलं, झाडाला एका खिळ्यावर. आठवड्याने काढा आणि उजेडात धरा. उंदीर असेल तर कडा बारीक कुरतडलेल्या दिसतील, पॉसम, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा झाडावर चढणारा प्राणी, असेल तर कार्ड चावून चेपलेलं असेल. हे आधी कळलेलं बरं, कारण उंदराच्या सापळ्यात पॉसम मरत नाही, जखमी होऊन जातो, आणि ते पाप कशाला?

हे सगळं कशासाठी, तेही ऐकून ठेवा. सासू-सासरे भारतातून आले की विचारतातच. न्यूझीलंडमध्ये जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणी एकच, वटवाघूळ. बाकी सगळे माणसांबरोबर आले. इथल्या पक्ष्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शत्रू आकाशातून यायचा, डोळ्यांनी शोधायचा. म्हणून धोका दिसला की जागच्या जागी थिजायचं, ही त्यांची सवय. रात्री वास काढत येणाऱ्यापुढे ती काय कामाची? केरेरू, म्हणजे इथलं मोठं रानकबूतर, चार काटक्यांचं विरळ घरटं करतं आणि त्यात एकच अंडं घालतं. उंदराने ते एक खाल्लं की ती खेप गेली. तुमच्या अंगणात येणारा पीवाकावाका तर आपल्या नाचणाच्याच कुळातला, तसाच शेपटी पसरून थुईथुई करणारा. १९६४ साली दक्षिणेकडच्या बिग साउथ केप बेटावर जहाजी उंदरांनी धुमाकूळ घातल्याचं लक्षात आलं. तिथले बुश रेन आणि एका जातीचा स्नाइप हे पक्षी त्यानंतर जगातूनच गेले, एक वटवाघूळही गेलं. तीएके पक्ष्याची दक्षिणी जात वाचली, ती त्या वर्षी ३६ पक्षी उचलून दुसऱ्या बेटांवर नेले म्हणून.

आता सापळा. तो उघडा कधीही ठेवायचा नाही. लाकडी पेटीत, ज्याला इथे सगळे टनेल म्हणतात, त्यातच ठेवायचा. तोंड एवढंच की उंदीर शिरेल, पण शेजाऱ्याच्या मांजराचा पंजा, पोराचा हात आणि जमिनीवर टिपत फिरणारा पक्षी आत पोचणार नाही. पेटीला पेग ठोकून ती पक्की करा, डुगडुगणाऱ्या पेटीत उंदीर पाय ठेवायला कचरतो. व्हिक्टर, म्हणजे साधा चापाचा सापळा, असेल तर आधी आमिष, मग चाप, आणि बोटं चापाच्या वाटेत नाहीत ना ते बघून. डॉक २०० म्हणजे स्टीलचा मोठा सापळा, तो बोटं मोडू शकतो. त्याची सेफ्टी क्लिप लावलेली असतानाच तो पेटीत बसवा आणि क्लिप काढणं हे अगदी शेवटचं काम समजा. घाई असेल त्या दिवशी त्याला हातच लावू नका.

आमिष वाटाण्याएवढं पुरे. लोक चमचाभर थापतात आणि उंदीर कडेने चाटून पसार होतो. खाचेत दाबून भरा, म्हणजे त्याला ओढावं लागेल. सुक्या खोबऱ्याचा तुकडा दोऱ्याने बांधलात तरी चालतो. आमच्या घरी पिंजऱ्यात तेच लावायचे. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिले चार-पाच दिवस चाप न ओढता नुसतं खायला ठेवा. निवांत खाऊन जाऊ द्या. मग चाप ओढा. पावसाळी दिवसांत इथल्या गोगलगायी पीनट बटर फस्त करतात, तेव्हा "आठवडाभर काहीच आलं नाही" म्हणण्याआधी आमिष शिल्लक आहे का ते बघा.

हातमोजे घाला. माणसाच्या वासाने उंदीर येत नाही की येतो, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, त्यात पडू नका. लेप्टोपासून वाचायला घाला. मुंबईच्या पावसाळ्यात ज्या लेप्टोने माणसं जातात, तोच जंतू इथल्या उंदराच्या मुतातही असू शकतो. मेलेला उंदीर शेपटीने उचला, खोल पुरा, साबणाने हात धुवा.

मनाला लागतं ना? लागायलाच हवं. आपल्यात कुणी माळकरी, कुणी जैन शेजारात वाढलेलं, आणि उंदीर तर गणपतीचं वाहन. माझ्याकडे येऊन कितीजणींनी सांगितलं असेल, "मावशी, पिंजऱ्यात धरून लांब रानात सोडून येते." तसं करू नका. लांब रान म्हणजे कुणाच्या तरी घरट्याची जागा. पिंजरा लावायचाच तर इथल्या कायद्याने तो रोज, सूर्योदयानंतर १२ तासांच्या आत तपासावा लागतो. आणि पिंजऱ्यातला प्राणी पाण्यात बुडवून मारणं म्हणजे निव्वळ हाल. त्यापेक्षा एका क्षणात जीव घेणारा, तपासून मान्य झालेला सापळा बरा. हे ज्याला जमत नाही त्याने पेट्या बनवून द्याव्यात, नोंदी ठेवाव्यात. माझी एक कट्टर शाकाहारी मैत्रीण एवढंच करते आणि तिच्याशिवाय आमच्या रस्त्यावरचं काम अडेल.

स्टोटचं प्रकरण वेगळं. दिसायला मुंगसाचा धाकटा भाऊ, शेपटीचं टोक काळं. १८८० च्या दशकात सशांनी कुरणं खाल्ली म्हणून याला मुद्दाम आणून सोडलं, आणि पक्षी जाणणारे तेव्हाही ओरडत होते. किवीचं पिल्लू साधारण १ किलोचं झालं की स्टोटला लाथा मारून परतवू शकतं, त्याआधी नाही. जिथे सापळे नाहीत तिथे बहुतेक पिल्लं तेवढी मोठी होतच नाहीत. स्टोटची मादी स्वतः डोळे न उघडलेलं पिल्लू असतानाच फळलेली असते, म्हणजे एकटी एक मादी पोहून बेटावर पोचली तरी तिथे वंश सुरू. याला पीनट बटरचं काही नाही. सशाचं ताजं मांस लागतं, नाहीतर कोंबडीचं अंडं. शाकाहारी घरात अंड्यावर भागवा. शहरातल्या परसात स्टोट क्वचितच दिसेल. रानालगत घर असेल तर मात्र डॉक २०० हवाच.

पॉसमला सफरचंदाची फोड आणि दालचिनी. टिम्स सापळ्याचा पिवळा डबा झाडाच्या बुंध्याशी ठेवा आणि खोडावर थोडा मैदा फासा. रात्री तो पांढरा पट्टा त्याला दिसतो. ऑस्ट्रेलियात याच प्राण्याला कायद्याचं संरक्षण आहे, तिकडच्या पाहुण्यांसमोर जरा जपून बोला. किवी वावरतात अशा भागात पॉसमचा सापळा जमिनीवर ठेवूच नका, झाडाला उंचावर लावा.

विषाचा सोपा मार्ग सुचवणारे भेटतील. परसात शक्यतो नको. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, रेंगाळत फिरतो, आणि तो खाणाऱ्या रुरूच्या, म्हणजे इथल्या घुबडाच्या, पोटात ते विष जातं. ज्याला वाचवायचं त्यालाच मारलं.

साळुंकीबद्दल विचारतात. हो, ती आपलीच, १८७० च्या दशकात पिकांवरचे किडे खायला आणलेली. घरट्यांवर हल्ले करते हे खरं. पण नवख्याने तिच्या मागे लागू नये. पक्ष्याला पकडायचा सापळा दुसऱ्या पक्ष्यालाही पकडतो, आणि उंदीर आवरले तरी अर्ध्याहून जास्त काम होतं.

वायटाकेरेच्या रानात सापळ्यांच्या ओळीवर स्वयंसेवक म्हणून गेलात तर बूट घासूनच आत जा आणि बाहेर येताना पुन्हा घासा. मातीतून पसरणाऱ्या रोगाने तिथले कौरी वृक्ष मरत आहेत. झाड मारून पक्षी वाचवण्यात अर्थ नाही. सरकारी किंवा कौन्सिलच्या जमिनीवर परवानगीशिवाय सापळा लावायचा नाही, हेही लक्षात ठेवा.

किती उंदीर मारले याची बढाई मला सांगू नका. सुरुवातीला सगळ्यांनाच खूप मिळतात. ट्रॅप डॉट एनझेड या संकेतस्थळावर नोंद करा, आणि सापळा रिकामा असेल तेव्हाही करा, कारण रिकाम्या आठवड्यांवरूनच सापळे कुठे हलवायचे ते कळतं. मोजायचे ते पक्षी. दर हिवाळ्यात देशभर परसातले पक्षी एक तास बसून मोजतात, त्यात नाव घाला. २०१६ मध्ये सरकारने २०५० पर्यंत उंदीर, पॉसम आणि स्टोटच्या कुळाचा नायनाट करायचं ठरवलं, त्याची थट्टा करणारे पुष्कळ होते. पण २०२३ मध्ये वेलिंग्टनचा मिरामार द्वीपकल्प, भर वस्तीचा, उंदीर-स्टोटमुक्त जाहीर झाला. तिथे काम झालं ते घराघरातल्या परसांतून.

एका घराच्या सापळ्याने काही होत नाही. शहरात दर पाच परसांमागे एक तरी सापळा हवा, असं इथले जाणकार सांगतात. तेव्हा कुंपणापलीकडे विचारा. बरणीभर लाडू घेऊन गेलात तर नाही म्हणणारा शेजारी मी अजून पाहिला नाही.

आणि ऋतूंचं भान ठेवा. इथे उंदीर घरात शिरतात ते मार्च ते मेमध्ये, पण सापळ्यांची खरी गरज असते गणपतीपासून संक्रांतीपर्यंत, पक्षी घरट्यावर असतात तेव्हा. नेमके त्याच दिवसांत आपण सणांत आणि डिसेंबरच्या भारतवारीत गुंतलेले असतो. जाण्याआधी शेजाऱ्याच्या हाती किल्ली देता तशी सापळ्याची जबाबदारीही देऊन जा.