वर्षातून एक व्याख्यान पुरेसं नाही

प्रश्न : मानखुर्दला आमचं पॅकिंगचं युनिट आहे. पन्नासेक कामगार, निरनिराळ्या भाषा-धर्मांचे, निम्म्या बायका, दोघे कर्णबधिर. दरवर्षी समावेशकतेवर दिवसभराचं व्याख्यान ठेवतो, पण आठवड्यात सगळं पूर्ववत. काय करावं?

उत्तर : दोष कामगारांचा नाही, पद्धतीचा आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये दाखवून दिलं, की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच भराभर निसटतं; अंतराअंतराने उजळणी केली तर टिकतं. म्हणून पाळी सुरू होण्याआधी आठवड्याला दहा मिनिटं घ्या आणि एकाच प्रसंगावर बोला. कर्णबधिर सहकाऱ्याला पाठीमागून हाक मारण्याऐवजी समोर येऊन खूण करायची, हे त्याच्याकडूनच सर्वांनी शिकावं. पुढच्या आठवड्यात दोन खुणा वाढवा, जुन्या पुन्हा करून घ्या. मग आडनाव ऐकून जात चाचपणं, भाषेवरून टोपणनावं ठेवणं हे विषय घ्या. ते अवघड आहेत, म्हणून आधी विश्वास जमू द्या. सुपरवायझरने मात्र पहिल्या दिवसापासून हजर राहायलाच हवं. तो गैरहजर तर बाकीचं व्यर्थ.

एक इशारा. लैंगिक छळाची तक्रार दहा मिनिटांच्या गप्पांत मिटवायची नसते. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे, आणि ठरावीक अंतराने जागृती कार्यक्रम घेणंही. समिती नसेल तर ती आधी नेमा.